रिलेच्या तोंडावर ताप आला तर

लांब पल्ल्याच्या सांघिक रिले शर्यतीत नाव दिलेले वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. घसा धरलाय, धावू का? काल रात्री कणकण होती, आज उतरली आहे, चालेल का? पोट बिघडलंय, पण माझा टप्पा दुपारी आहे, तोवर बरं वाटेल ना? या सगळ्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुतेकांना उघडपणे विचारवत नाही: मी मागे सरलो तर बाकीच्या अकरा जणांचं काय?

एकट्याने धावायच्या मॅरेथॉनमध्ये ही अडचण नसते. नाव मागे घेतलं तर हळहळ आपली, पैसेही आपलेच बुडतात. रिलेत मात्र भीड आडवी येते. म्हणूनच अंगात ताप असताना मॅरेथॉन सोडून देणारा शहाणा माणूस रिलेत उभा राहतो. खरं तर या शर्यतीची रचना अशी आहे की आधी कळलं तर एक माणूस कमी पडल्याने काहीच अडत नाही. रात्री दोन वाजता, निर्जन रस्त्यावर, न सांगता कोसळलेल्या माणसामुळे मात्र सगळं अडतं.

उदाहरणादाखल अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातली ‘हूड टू कोस्ट’ घ्या. १९८२ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेली ही रिले आता जगातल्या सर्वांत मोठ्या रिले शर्यतींत गणली जाते. ऑगस्टच्या अखेरीस माउंट हूडवरच्या टिंबरलाइन लॉजपासून, सुमारे १,८०० मीटर उंचीवरून निघायचं आणि पॅसिफिक महासागराच्या काठी सीसाइड गावात पोहोचायचं. अंतर सुमारे ३२० किलोमीटर, टप्पे ३६. पूर्ण संघात बारा जण, दोन व्हॅन आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे. पोर्टलंड परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांची तिच्याशी ओळख बहुधा ऑफिसच्या संघातून होते. रॅग्नारसारख्या इतर शर्यतींचा साचाही असाच आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आजारी माणसासाठी या साच्यातली अडचण नीट समजून घ्या. एक टप्पा सरासरी नऊ किलोमीटरच्या आसपास असतो. ‘एवढंच ना, रेटून नेऊ’ असं वाटतं. पण पहिला टप्पा संपल्यावर घामेजलेल्या कपड्यांत व्हॅनमध्ये बसायचं, मिळेल ते खायचं, एखाद्या मैदानावर तास-दीड तास पाठ टेकायची आणि नऊ-दहा तासांनी पुन्हा पळायचं, बहुधा अंधारात. मग तिसऱ्यांदा. सकाळी साधी सर्दी असलेला माणूस मध्यरात्री तसाच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तेव्हा ‘पहिला टप्पा जमेल का’ असं स्वतःला विचारू नका. तिसरा जमेल का, ते विचारा.

आधी लक्षणं मानेच्या वर की खाली, ते पाहा

धावपटूंमध्ये आणि क्रीडावैद्यकातही एक सोपी कसोटी वापरली जाते. लक्षणं फक्त मानेच्या वर असतील तर हलका व्यायाम बहुधा चालतो. मानेखाली उतरली असतील तर विश्रांती.

मानेच्या वर म्हणजे:
- नाक वाहणं किंवा चोंदणं
- शिंका
- घशात थोडी खवखव

मानेखाली म्हणजे:
- ताप, थंडी वाजणं, अंग मोडून येणं
- छातीतून येणारा खोकला, कफ, घरघर, धाप
- उलट्या, जुलाब, पोटात कळा
- सांधे आणि स्नायू ठणकणं
- छातीत दुखणं, धडधड, चक्कर

पहिल्या गटाला आधार आहे तो १९९० च्या दशकात अमेरिकेत थॉमस वाइडनर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचा. स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसची लागण करण्यात आली. त्यांतल्या काहींनी मध्यम व्यायाम केला, काहींनी केला नाही. दोन्ही गटांच्या सर्दीच्या तीव्रतेत आणि कालावधीत फारसा फरक आढळला नाही. ‘सर्दीत धावलं तर चालतं’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यामागे मुख्यतः हा प्रयोग आहे.

पण त्यातला व्यायाम मध्यम होता आणि सुमारे ४० मिनिटांचा होता. एका दिवसात तीनदा, जोर लावून, झोप मोडून धावणं हे प्रकरण वेगळं. म्हणून मानेच्या वरच्या लक्षणांनाही इथे सरसकट परवानगी नाही. सर्दी कालपेक्षा आज कमी असेल तर धावण्याचा विचार करा. कालपेक्षा आज जास्त असेल तर ती वाढते आहे आणि शर्यतीच्या रात्री ती कळसाला असेल, हे गृहीत धरा.

हूड टू कोस्टमध्ये आणखी एक त्रास संभवतो. सुरुवात डोंगरावर आहे. नाक पूर्ण चोंदलेलं असताना गाडीतून वर जाऊन झपाट्याने खाली उतरलं की कानांत जबर दडे बसतात आणि ठणका लागतो. पहिले टप्पे तीव्र उताराचे असतात. नाक चोंदलं असेल तर हे टप्पे तरी दुसऱ्याला द्या.

ताप असेल तर चर्चा तिथेच थांबते

थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर धावू नका. इथे अनुभव, जिद्द, तयारी यांपैकी काहीही कामाला येत नाही.

त्याची कारणं शरीराच्या साध्या व्यवहारात आहेत. ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी मिनिटाला साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते, म्हणजे बसल्या जागी हृदय जादा काम करत असतं. शरीर आधीच तापलेलं असताना धावण्याची उष्णता त्यात भर घालते आणि उष्माघाताची शक्यता वाढते. ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या आसपास दुपारचं ऊन कडक असू शकतं.

सर्वांत गंभीर धोका हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेचा, म्हणजे मायोकार्डायटिसचा. सर्दी-तापाचे अनेक विषाणू क्वचित हृदयापर्यंत पोहोचतात. अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. स्वीडनने याची फार मोठी किंमत मोजली आहे. नकाशा हातात घेऊन रानावनात धावण्याचा ओरिएंटिअरिंग हा खेळ तिथे लोकप्रिय आहे आणि त्यात रात्रभर चालणाऱ्या सांघिक रिले शर्यतींची जुनी परंपरा आहे. १९७९ ते १९९२ या काळात या खेळातले १६ तरुण खेळाडू अचानक हृदय बंद पडून दगावले. शवविच्छेदनात त्यांतल्या काहींच्या हृदयात सूज आढळली. १९९२ च्या अखेरीस तिथे या खेळाच्या स्पर्धा आणि सराव सुमारे सहा महिने थांबवण्यात आले आणि संसर्ग असताना धावायचं नाही, हे खेळाडूंच्या मनावर ठसवण्यात आलं. ही सगळी धडधाकट, उत्तम सराव असलेली तरुण मुलं होती.

तेव्हा खालीलपैकी काहीही असेल तर शर्यत विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:
- आजारपणात किंवा त्यानंतर छातीत दुखणं, दडपण
- बसल्या जागी धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं
- एक मजला चढताना पूर्वी कधी न लागलेली धाप
- भोवळ किंवा शुद्ध हरपणं

मनगटावरच्या घड्याळाचाही उपयोग करून घ्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी वा अधिक वाढलेली असेल तर शरीर आत कशाशी तरी झुंजतं आहे, असं समजा. या आकड्यावरून रोगनिदान होत नाही, पण ‘मला काही झालेलं नाही’ ही स्वतःची समजूत मात्र तपासून पाहता येते.

व्हॅनमध्ये तुमच्याशिवाय पाच जण असतात

धावण्याचा निर्णय स्वतःपुरता घेतला तरी व्हॅनमध्ये बसण्याचा निर्णय स्वतःपुरता नसतो. सहा माणसं, बंद काचा, एकमेकांच्या बाटल्या, चिप्सचं एकच पाकीट आणि दीड दिवस. तुम्ही तिन्ही टप्पे तडफेने पूर्ण केलेत आणि सोमवारी पाच घरांत ताप शिरला, तर संघावर उपकार कसले?

पोटाच्या आजारांत नोरोव्हायरस विशेष खोडकर आहे. २०१० मध्ये ओरेगॉनमधल्याच मुलींच्या एका सॉकर संघात त्याची साथ पसरली. संघ स्पर्धेसाठी हॉटेलात उतरला होता. एका मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि ती वापरत असलेल्या बाथरूममध्ये ठेवलेल्या खाऊच्या पिशवीवर विषाणू बसले. ती आजारी मुलगी घरी निघून गेल्यावर त्या पिशवीतला खाऊ बाकीच्यांनी खाल्ला आणि त्यांतल्या अनेक जणी आजारी पडल्या. रुग्णाशी संबंध न येता नुसत्या पिशवीतून लागण झाली. रिलेच्या व्हॅनमध्ये अशा पिशव्या डझनभर असतात.

उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झाल्याशिवाय व्हॅनमध्ये बसू नका आणि इतरांच्या खाण्याला हात लावू नका. या विषाणूवर हातांना चोळायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. शर्यतीतल्या फिरत्या शौचालयांपाशी ते नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून व्हॅनमध्ये पाण्याचा कॅन आणि साबण ठेवा.

श्वसनाच्या आजारांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मार्च २०२४ मध्ये दिलेला सल्ला सोपा आहे. लक्षणं एकंदरीत कमी होत असावीत आणि औषध न घेता किमान २४ तास ताप नसावा, तरच लोकांत मिसळावं. त्यानंतरही पाच दिवस मास्क, मोकळी हवा, शक्य तेवढं अंतर अशी काळजी घ्यावी. व्हॅनमध्ये यातलं जमण्यासारखं एवढंच: मास्क आणि उघड्या काचा. निघण्याआधी कोविडची घरगुती चाचणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली म्हणजे बाकीच्या आजारांपासून सुटका झाली, असं मात्र नाही.

मुरब्बी संघही यातून सुटत नाहीत. जपानची हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची रिले दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला टोकिओ ते हाकोने आणि परत अशी होते. दहा टप्पे, २०० किलोमीटरहून अधिक अंतर. २०२३ मध्ये चुओ विद्यापीठ दुसरं आलं होतं. २०२४ च्या शंभराव्या शर्यतीत विजेतेपदाची स्वप्नं घेऊन आलेला हा संघ अगदी तोंडावर सर्दी-तापाच्या साथीत सापडला, बहुतेक धावपटूंना तिने गाठलं आणि संघ थेट १३ वा आला. त्याच शर्यतीत आओयामा गाकुइन विद्यापीठाने विक्रमी वेळेत बाजी मारली. डिसेंबरमध्ये त्यांच्याही संघात फ्लू शिरला होता, पण सावरायला त्यांना वेळ मिळाला. आजार कधी झाला यावर किती काही अवलंबून असतं ते या दोन संघांकडे पाहून कळतं. शर्यतीआधी तीन-चार आठवडे आजारी पडलात तर घाबरून जाऊ नका. तीन दिवस आधी पडलात तर स्वतःची फसवणूक करू नका.

कॅप्टनला कधी सांगायचं? शंका आली त्याच क्षणी

‘आणखी एक दिवस पाहू’ हे संघाला सर्वांत महागात पडतं. शर्यत शुक्रवारची असेल आणि बुधवारी कळलं तर कॅप्टन बदली धावपटू शोधू शकतो, टप्पे फिरवू शकतो. शुक्रवारी पहाटे कळलं तर हाताशी काहीच उरत नाही. संकोच वाटत असेल तर साधा निरोप पाठवा: ‘कालपासून घसा दुखतोय, ताप नाही. उद्या संध्याकाळी सातला पक्कं सांगतो. तोवर बदली कोण मिळतंय ते पाहून ठेव.’ एवढ्याने पुरेसं काम होतं.

हाकोनेत ही सोय नियमांतच करून ठेवलेली आहे. प्रत्येक विद्यापीठ १६ धावपटूंची नावं देतं, धावतात दहा. उरलेले सहा राखीव. शर्यतीच्या दिवशी सकाळीदेखील ठरावीक संख्येत राखीव धावपटू आत घेता येतात. म्हणजे आजारी पडणं हा तिथे नियोजनाचाच भाग मानला आहे, त्यात कुणाची नामुष्की नाही. हौशी संघांनीही एक-दोन राखीव माणसं पहिल्यापासून ठरवून ठेवावीत, त्यांना सरावाला बोलवावं आणि टी-शर्टही द्यावा.

तुमच्या शर्यतीची नियमावली आधीच उघडून ही उत्तरं शोधून ठेवा:
- संघातलं नाव बदलण्याची शेवटची मुदत कोणती?
- शर्यत सुरू झाल्यावर एकाच्या जागी दुसरा धावू शकतो का?
- आजारामुळे एक टप्पा सोडलेल्याला पुढचा टप्पा धावता येतो का, की तो कायमचा बाहेर?
- टप्प्याच्या मध्येच धावपटू थांबला तर पुढच्याने कुठून सुरुवात करायची?
- टप्पा अर्धवट राहिला तर संघ बाद होतो, की दंड घेऊन पुढे जाता येतं?

हूड टू कोस्टमध्ये संघ आठ ते बारा जणांचा असू शकतो. बारातला एक गळाला तर त्याचे तीन टप्पे तिघांना वाटून देता येतात, प्रत्येकाला साधारण नऊ किलोमीटर जास्त. सराव असलेल्यांना हे झेपतं. संघाच्या दृष्टीने ही अडचण आहे, संकट नाही.

धावणं जमत नसेल तर संघात दुसरं काम कोणतं घेता येईल, हे आजारावर ठरतं. पोटरी आखडली असेल किंवा घोटा मुरगळला असेल तर गाडी चालवा, वेळा टिपा, खाणं सांभाळा. संसर्ग असेल तर घरी थांबा आणि फोनवरून मदत करा. वेळापत्रक सांभाळायला, पुढच्या ठिकाणी कोण किती वाजता पोहोचेल हे कळवायला घरी बसलेला जागा माणूस फार उपयोगी पडतो.

गोळ्यांचा डबा उघडण्यापूर्वी

इथे मराठी घरांतून एक हमखास घोटाळा होतो. सुटीत भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा व्हॅनमध्ये येतो आणि ज्याला जे वाटेल ते तो घेतो.

सर्दीच्या बहुतेक भारतीय गोळ्यांत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन यांचं मिश्रण असतं. अमेरिकेत पॅरासिटामॉललाच असिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल म्हणजे तेच. दोन्ही एकत्र घेतल्या तर नकळत दुप्पट डोस पोटात जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. प्रौढ माणसासाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि ती गाठू नये हेच बरं. क्लोरफेनिरामाइनने पेंग येते. ती गोळी घेतलेल्याने रात्री व्हॅन चालवायची नाही, हा नियम संघाने लिहूनच ठेवावा. रात्रभर जागलेला चालक हा या शर्यतींतला एक मोठा धोका आहे, त्यात गोळीची भर नको.

ताप उतरवणारी गोळी घेऊन ‘आता बरं वाटतंय’ असं म्हणत धावायला जाऊ नका. गोळीने आकडा खाली येतो, आजार जागेवर असतो. ताप मोजायचा तो गोळी घेण्याआधी.

आयबुप्रोफेनच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटर धावणाऱ्या ८९ जणांपैकी काहींना दर चार तासांनी आयबुप्रोफेन आणि काहींना नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मूत्रपिंडावर ताण आल्याच्या खुणा आयबुप्रोफेन घेतलेल्यांत ५२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के आढळल्या. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो.

डब्यात बहुधा जुलाबावरची प्रतिजैविकंही असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटाची औषधं स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना इजा करू शकतात, विशेषतः टाचेमागच्या कंडरेला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये याबद्दल सर्वांत कडक पातळीचा इशारा दिला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही औषधं घेऊ नका. त्यांनी सांगितली असतील तर ती चालू असताना धावू नका, आणि पुन्हा धावणं कधी सुरू करायचं हे त्यांनाच विचारा.

बक्षिसासाठी धावणाऱ्या संघांनी स्यूडोएफेड्रिन तपासून घ्यावं. सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे ते प्रतिबंधित आहे. हौशी धावपटूलाही त्याने धडधड होऊ शकते.

धावायचं ठरलंच तर

लक्षणं फक्त मानेच्या वर आहेत, उतरणीला आहेत, ताप नाही आणि संघाला सगळं माहीत आहे. एवढं जुळलं तर पुढची पथ्यं पाळा.

- सर्वांत छोटे आणि सपाट टप्पे मागून घ्या. दुपारच्या उन्हातला टप्पा दुसऱ्याला द्या.
- वेग गप्पा मारता येतील इतकाच ठेवा. घड्याळावरच्या वेगाकडे न पाहता नाडीकडे पाहा. संघाचा अंदाजित वेळ आधीच वाढवून सांगा, म्हणजे मनावर दडपण राहणार नाही.
- प्रत्येक टप्प्याआधी नव्याने निर्णय घ्या. ताप मोजा, नाडी मोजा. अंतिम शब्द दुसऱ्या कुणाचा तरी असू द्या. थकलेला, जागलेला, आजारी माणूस स्वतःबद्दल नीट ठरवू शकत नाही.
- टप्पा संपताच कोरडे कपडे घाला. किनाऱ्याजवळच्या डोंगररांगेत ऑगस्टमध्येही रात्री गारठा असतो.
- गरम मऊ भात, मुगाची खिचडी थर्मासमध्ये न्या. आजारी पोटाला एनर्जी जेलपेक्षा ती मानवते.
- दमा असेल तर पंप खिशात ठेवा, बॅगेत नको. वणव्याचा धूर पसरला असेल आणि दम्याच्या जोडीला सर्दी असेल तर धावूच नका.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आजारी धावपटूला सगळेच ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणत राहतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळलं आणि त्याचं मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं हे होतं. तहान लागेल तसं प्या. अंगातून पाणी गेलं असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरतं. डोकं दुखणं, मळमळ, हातांची बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही पाणी जास्त झाल्याचीही लक्षणं असू शकतात. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय पथकाला बोलवा.

वाटेत थांबावं लागलं तर

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या फुकुओका प्रांतात महिलांची एक एकिडेन पात्रता शर्यत झाली. दुसऱ्या टप्प्यावरची १९ वर्षांची धावपटू पडली, तिच्या पायाचं हाड मोडलं. पुढची धावपटू समोर दोन-तीनशे मीटरवर उभी होती. ती हात-गुडघ्यांवर रांगत तिथवर गेली, गुडघे रक्तबंबाळ झाले. तिला थांबवावं असा निरोप प्रशिक्षकांकडून निघाला होता, पण तो रस्त्यावरच्या पंचापर्यंत वेळेत पोहोचलाच नाही. जपानभर वाद पेटला: हे शौर्य, की धावपटूचं रक्षण करण्यात व्यवस्थेला आलेलं अपयश?

तिच्या जिद्दीविषयी मनात आदर आहेच. पण वाचकांनी तिच्या वाटेने जाऊ नये. संघाने आधी ठरवायच्या गोष्टी याच घटनेतून मिळतात.

- थांबवण्याचा अधिकार कुणाला? कॅप्टन आणि त्या व्हॅनमधला आणखी एक जण, अशी दोन नावं पक्की करा. त्यांनी थांब म्हटलं की वाद नाही.
- आजारी धावपटूच्या टप्प्यावर व्हॅन पुढे जाऊन थांबेल का? अनेक टप्प्यांवर गाडीला रस्त्याकडेला थांबायची मनाई असते, ते नकाशात पाहा.
- फोन चालेल का? हूड टू कोस्टच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात, मिस्टसारख्या डोंगराळ वस्त्यांच्या आसपास, मोबाइलला रेंज मिळत नाही. तिथे आजारी माणसाला एकटं पाठवू नका.
- धावपटूकडे नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या. बिबच्या मागे लिहिलं तरी चालेल.

चक्कर आली, छातीत दुखलं, पावलं वाकडी पडू लागली, घाम येणं बंद झालं, अंगावर काटा येऊन थंडी वाजली, तर तिथेच थांबा. परावर्तक जाकीट आणि दिवा चालू ठेवून रस्त्यापासून दूर बसा. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या संघाच्या धावपटूला हाक मारा. या शर्यतींत अनोळखी माणसं मनापासून थांबतात. शुद्ध हरपली किंवा बोलण्यात असंबद्धता आली तर ९११ लावा. भारतात ११२ किंवा १०८.

हाकोनेमध्ये एखाद्याला टप्पा सोडावा लागला तरी त्या संघाचे पुढचे धावपटू धावू शकतात. संघाची अधिकृत वेळ मात्र धरली जात नाही. २०१३ मध्ये पाचव्या, डोंगर चढणाऱ्या टप्प्यावर बोचऱ्या वाऱ्यात दोन विद्यापीठांचे धावपटू कोसळले आणि दोन्ही संघ बाद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे सहकारी तरीही परतीच्या टप्प्यांवर उभे होते.

तुमचे हक्क आणि पैशांचा हिशेब

प्रवेशशुल्क बहुधा परत मिळत नाही. नाव देतानाच ते गेलं असं धरून चाला, म्हणजे आजारी असताना त्याचा विचार मनात येणार नाही. हक्कसोडपत्रावर सही केलेली असते, ती वाचून घ्या. वैद्यकीय पथकाने थांबवलं तर थांबणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक असतं.

अमेरिकेत १९८६ चा ‘एम्टाला’ हा कायदा आहे. त्यानुसार आपत्कालीन विभाग असलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णालयाला विमा आहे का, पैसे आहेत का हे न पाहता रुग्णाची तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. व्हिसा कोणता, हा प्रश्नही त्यात आड येत नाही. पण उपचार नाकारता येत नाहीत याचा अर्थ बिल येत नाही असा नव्हे. २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्याने विमाधारकाला आपत्कालीन उपचारांत विमा कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या रुग्णालयाच्या अवाच्या सवा बिलापासून संरक्षण मिळतं. रस्त्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिकेचं बिल मात्र त्यात येत नाही. तरीही गरज असेल तेव्हा रुग्णवाहिका बोलवायला कचरू नका.

भारतातून खास या शर्यतीसाठी किंवा मुलांकडे आलेल्या आई-बाबांनी प्रवासविम्यात दोन कलमं पाहावीत: क्रीडास्पर्धेतली इजा धरली आहे का, आणि आधीपासून असलेले आजार वगळले आहेत का. अनेक स्वस्त विम्यांत दोन्ही ठिकाणी निराशा होते.

नंतरचे पंधरा दिवस

धावलात किंवा नाही, आजार होता तर सरावाला घाई करू नका. ताप गेल्यावर पहिला पूर्ण दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलकं धावणं. फ्लू किंवा कोविड झाला असेल तर साधारण सात ते दहा दिवस जोरकस सराव टाळा आणि प्रत्येक पायरीवर धाप, धडधड, छातीतलं दुखणं यांकडे लक्ष ठेवा. यांतलं काही जाणवलं तर डॉक्टरांना ‘आजारपणात ३० किलोमीटर धावलो होतो’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर ते केवळ थकवा समजतील. ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी त्यांच्याकडे मागता येते. मायोकार्डायटिसचं निदान झालंच तर साधारण तीन ते सहा महिने स्पर्धा आणि जोराचा व्यायाम पूर्ण बंद ठेवावा लागतो. तेवढ्या काळात पुढच्या वर्षीची नावनोंदणी सुरू होते. संघात तुमचं नाव घालायचं की राखीव ठेवायचं, ते हृदयरोगतज्ज्ञांचा लेखी सल्ला हातात आल्यावर कॅप्टनशी बोलून ठरवा.